1955 ची दिल्लीतली कावीळ

"डॉक्टर, मी काविळीची लस घेतली होती, तरी मला कावीळ कशी झाली?" पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तरासाठी 1955 सालच्या दिल्लीत जावं लागेल.

त्या वर्षी यमुनेला पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी, वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचललं जायचं, तिथपर्यंत पोहोचलं. हे लक्षात आल्यावर पाण्यात तुरटी आणि क्लोरीन वाढवण्यात आलं. त्यामुळे टायफॉइड किंवा जुलाबाची साथ काही आली नाही. पण काही आठवड्यांनी, डिसेंबरात, माणसं पिवळी पडू लागली. सुमारे 29 हजार लोकांना उघड कावीळ झाली. क्लोरीनने जिवाणू मेले, विषाणू मात्र त्यातून निसटला होता.

तेव्हा सगळ्यांनी ही हेपॅटायटिस ए ची साथ समजली. खरं तर एक गोष्ट खटकायला हवी होती. आपल्याकडे ए चा संसर्ग बहुतेकांना लहानपणीच होऊन जायचा, आणि इथे आजारी पडले होते ते तरुण. गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूही जास्त होते. त्या साथीतले रक्ताचे नमुने सुदैवाने जपून ठेवले होते. 1980 मध्ये ते तपासल्यावर कळलं की ही ए नव्हतीच.

मग कोण? मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने याचा छडा लावला, तोही अंगावर काटा येईल अशा पद्धतीने. अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेपासून केलेलं द्रावण तो स्वतः प्यायला. त्याला कावीळ झाली आणि स्वतःच्याच विष्ठेत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. हे संशोधन 1983 मध्ये प्रसिद्ध झालं. हाच हेपॅटायटिस ई.

तुम्ही घेतलेली लस बी ची असते, फार तर ए ची. ती ई ला अडवत नाही. ई ची लस चीनमध्ये 2011 मध्ये मंजूर झाली, पण आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणून साथ असेल तेव्हा पाणी उकळूनच प्या.

बहुतेकांची ही कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते. (गळ्यातल्या काविळीच्या माळेला श्रेय मिळतं ते यामुळेच!) तोवर सुजलेल्या यकृतावर जादा काम टाकायचं नाही. दारू यकृतात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ते पेशींना इजा करतं. पॅरासिटामॉलचाही थोडा भाग यकृतात विषारी होतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला लगेच निकामी करतो, म्हणून योग्य मात्रेत ही गोळी सुरक्षित आहे. पण रोज पिणाऱ्यांमध्ये तो विषारी भाग जास्त तयार होतो आणि ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. त्यामुळे कावीळ असताना तापाची गोळीसुद्धा विचारूनच घ्या. झाडपाल्याचं औषधही यकृतातूनच जातं, तेही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि घरात गरोदर बाई असेल, तिचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्या.