चेहरे मुंबईचे, भिंती लंडनच्या

1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्मा यांची दहा चित्रं लागली आणि दोन पारितोषिकं घेऊन गेली. रविवर्मा स्वतः तिकडे फिरकलेही नाहीत. समुद्र त्यांनी कधीच ओलांडला नाही. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनालाही फक्त चित्रच गेलं होतं.

पण शिकागोच्या परीक्षकांनी वाखाणलं काय? निरनिराळ्या प्रांतांतल्या कुलीन स्त्रियांची चेहरेपट्टी, पेहराव, वापरातल्या वस्तू. चित्रांना मोल मिळालं ते मानववंशशास्त्राचा नमुना म्हणून. हे मनाला लागतं. कारण त्याच वर्षी रविवर्म्यांनी आपली मुलगी महाप्रभा रंगवली होती: कडेवर मूल, पायाशी कुत्रा आणि नजर चौकटीबाहेरून येणाऱ्या बाळाच्या बापाकडे. ती वाट पाहणारी एक बाई आहे, कुठल्या जातीचा मासला नव्हे.

इकडे मुंबईतही 1857 पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून व्यक्तिचित्रकार घडत होते. त्यांचं पोट चाले ते शेटजी, संस्थानिक, न्यायाधीश यांच्या तैलचित्रांवर. चित्र पुरं झालं की ते ऑर्डर देणाऱ्याच्या दिवाणखान्यात जाई. बाहेर दाखवायला चित्रकाराकडे फारसं उरत नसे.

जे. जे.चेच विद्यार्थी मंचेरशा फकीरजी पिठावाला यांना विलायतेची ओळख मिळाली ती एका भेटवस्तूमुळे. 1905 मध्ये मुंबईच्या स्त्रियांनी प्रिन्सेस ऑफ वेल्सना, म्हणजे पुढच्या क्वीन मेरींना, एक आल्बम नजर केला. त्यातली 28 जलरंगचित्रं पिठावालांची. विषय पुन्हा तोच: वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रिया. 1911 मध्ये मात्र ते स्वतःची चित्रं घेऊन लंडनच्या डोरे गॅलरीत पोहोचले. लंडनमध्ये प्रदर्शन भरवणारे पहिले भारतीय चित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि तो मान मोठा आहे.

पुण्यात बेने इस्रायली घरात जन्मलेले सॅम्युएल फैजी-रहमीन याहून पुढे गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकताना त्यांना जॉन सिंगर सार्जंटसारख्या व्यक्तिचित्रकाराचं मार्गदर्शन मिळालं आणि तैलरंगावर त्यांचा हात बसला. पुढे भारतात परतल्यावर ते राजपूत लघुचित्रांच्या वळणाच्या जलरंगांकडे वळले. 1925 मध्ये लंडनच्या टेट गॅलरीने त्यांची दोन चित्रं संग्रहात घेतली: एक तोडी रागिणीचं, दुसरं एका राजपूत सरदाराचं. सार्जंटच्या हाताखाली कमावलेल्या तैलरंगातलं एकही त्यात नव्हतं.