कंथेवरील इतिहास

बंगालच्या इतिहासाची साधने सांगू लागले, म्हणजे ताम्रपट, मंदिरांवरील लेख आणि कंपनी सरकारची दप्तरे ही नावे प्रथम ओठी येतात. या मालिकेत जुन्या लुगड्यांच्या गोधडीसही स्थान द्यावे, अशी सूचना आम्ही केली, तर वाचक कदाचित स्मित करतील. तथापि ती सूचना आम्ही विचारपूर्वक करीत आहोत.

बंगाली ‘काँथा’ आणि आपली ‘कंथा’ ही एकाच संस्कृत शब्दाची अपत्ये. मराठीत कंथा म्हटली की जोग्याच्या अंगावरील ठिगळांचे वस्त्र डोळ्यांपुढे येते. बंगालमध्ये त्याच शब्दाने घरोघरची गोधडी ओळखली जाते. विटलेल्या साड्या व धोतरे यांचे थर एकावर एक घालावयाचे, जुन्या साडीच्या काठातून रंगीत दोरे उसवून काढावयाचे आणि साध्या धावदोऱ्याने सारे सांधावयाचे, एवढीच तिची सामग्री. थर पसरून सुरकुत्या काढणे आणि कडा टाचणे यांस अनेक हात लागत. म्हणून शेजारणी मदतीस येत. पुढची नक्षी दुपारच्या फावल्या वेळी चाले. आईने आरंभिलेली कंथा लेकीने किंवा नातीने पुरी करावी, असेही घडे. थंडीत पांघरावयाचा ‘लेप’, पोथी बांधावयाचे ‘बायतन’, आरसा-फणी गुंडाळावयाची ‘आर्शिलता’ असे तिचे नाना प्रकार होत.

मध्यभागी कमळ आणि चार कोपऱ्यांत चार वृक्ष ही रचना परंपरेची. उरलेल्या जागेत मात्र शिवणारीचे स्वतःचे जग अवतरे: रथ, पालखी, नाव, हुक्का ओढणारे बाबू, गोरे शिपाई. एकोणिसाव्या शतकात खुलना भागातील मानदासुंदरी दासी हिने आपल्या पित्यासाठी एक कंथा शिवली आणि तीवर आपले नाव टाक्यांनी लिहून ठेवले. त्या काळच्या दप्तरांत गावच्या स्त्रीचे नाव सापडणे दुर्मिळ. येथे ते तिने स्वतःच नोंदविले आहे. राज्य कोणाचे होते हे दप्तर सांगते. ते राज्य अंगणातून कसे दिसत होते, हे कंथा सांगते.

या वस्तूंचे मोल ओळखणारा मनुष्य सरकारी अधिकारी होता, हे आम्हां दप्तरात लेखणी झिजविणाऱ्यांस विशेष सुखावह वाटते. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे आय. सी. एस. अधिकारी. जिल्ह्यांतील कामकाज पाहता पाहता त्यांनी खेडोपाडीच्या कंथा, पट व खेळणी जमविली. याच वर्षांत, १९२९ साली, कवी जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ प्रसिद्ध झाले. त्यातील नायिका आपली जीवनकथाच कंथेवर शिवते. दत्तांच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय १९६३ मध्ये कलकत्त्यानजीक जोका येथे उघडले. मानदासुंदरीची कंथा तेथेच आली.

१९४७ च्या फाळणीने जेसोर, फरीदपूर, खुलना हे कंथेचे नामांकित प्रदेश सीमेपलीकडे गेले. १९७१ पासून ते बांगलादेशात आहेत. इकडे वीरभूममध्ये या कलेस नवे जीवन लाभले. प्रीतिकणा गोस्वामी यांस २०२३ मध्ये व तकदीरा बेगम यांस २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. हा गौरव यथोचितच. परंतु आज बहुतेक टाके नव्या कोऱ्या रेशमावर, गिऱ्हाइकाच्या पसंतीने पडतात. त्यायोगे हजारो स्त्रियांच्या घरी चार पैसे येतात, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र त्यात आजीची साडी नसते आणि गावची गोष्टही क्वचितच असते. जुन्या कंथांचे रक्षण त्यामुळेच अधिक अगत्याचे. जोक्याच्या संग्रहालयास मिळणारे केंद्राचे अनुदान २०१७ मध्ये बंद झाले, ही गोष्ट म्हणूनच मनास लागते. सुती वस्त्रास कसर आणि दमट हवा यांचा शत्रुभाव असतो. ती फायलीवरील निर्णयाची वाट पाहत नाहीत.

परप्रांती राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींस यातून एक गोष्ट घेता येण्याजोगी आहे. आपल्या बिऱ्हाडांतूनही गावाकडून आलेली एखादी गोधडी वा वाकळ असतेच. तिच्यातील कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या बाराबंदीचा, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत. पुढील रजेत गावी जाल, तेव्हा त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. नोंद करणे हा तर आपला नित्याचा व्यवसायच आहे.