सोन्याची जन्मतारीख

गेल्या वर्षी धाकटीच्या फीसाठी सासूबाईंचे बिलवर मोडले. शहापूरच्या सराफानं वजन केलं, घट कापली, पैसे माझ्या खात्यात आले. मला वाटलं, विषय संपला. विवरणपत्र भरायच्या वेळी मात्र आमच्या करसल्लागारांनी विचारलं, "वहिनी, हे सोनं कधी घेतलेलं? केवढ्याला?"

मी हसलेच. 1968 साली सासूबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरहून आणलेलं सोनं ते. इच्छापत्रानं माझ्याकडे आलं. पावती कुठली असायला? पण प्रश्न मनात राहिला. आमच्या अंगावरच्या सोन्याची जन्मतारीख सरकार कधीपासून विचारू लागलं?

फेब्रुवारी 1947 मध्ये हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्यावरचा कर आपल्याकडे पहिल्यांदा आला. दोनच वर्षांत जॉन मथाई यांच्या काळात तो गेला. मग 1956 मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. त्याच वर्षी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हा कर परत आणला. तेव्हापासून तो गेलेला नाही.

त्या काळात बायकांचे दागिने यातून सुटलेले होते. कपडेलत्ते, घरातलं सामान यांच्याबरोबर वापरातले दागिनेही 'वैयक्तिक वस्तू' धरले जात. 1972 च्या वित्त कायद्यानं दागिने त्या यादीतून काढले आणि 1 एप्रिल 1973 पासून ते भांडवली मालमत्ता झाले. पुढं 1976 मध्ये राजस्थानातल्या एका राजघराण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सोन्याची नाणी आणि चांदी लक्ष्मीपूजनात ठेवतो, म्हणून ती वैयक्तिक वस्तू धरा, असं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. पूजेत ठेवलं म्हणून सोनं रोजच्या वापराचं होत नाही!

मग माझ्या बिलवरांची किंमत कोणती धरायची? जुन्या मालमत्तेसाठी कायद्यानं एक तारीख ठरवून दिली आहे. पूर्वी ती 1 जानेवारी 1954 होती, मग 1964, 1974, 1981 अशी सरकत आता 1 एप्रिल 2001 वर आली आहे. त्याआधीच्या सोन्याला त्या दिवशीचा बाजारभाव खरेदीकिंमत म्हणून धरता येतो. वारशानं आलेल्या सोन्याला पहिल्या मालकिणीचा काळही आपल्यात धरला जातो. म्हणजे सासूबाईंची वर्षं माझ्या वर्षांत मिळाली. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ जवळ असलेल्या सोन्याचा नफा दीर्घकालीन. 23 जुलै 2024 नंतर विकलं तर त्यावर साडेबारा टक्के कर. हे 'सहज' फॉर्ममध्ये बसत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो.

आता माझी एक चूक सांगते. चार वर्षांपूर्वी मी थोडे शेअर घेतले आणि पडत्या भावात विकले. ह्यांना कळू नये म्हणून गप्प बसले, त्या वर्षी विवरणपत्रच भरलं नाही. तोटा वेळेत दाखवला असता, तर पुढची आठ वर्षं तो ओढता आला असता आणि बिलवरांच्या नफ्यातून वजा झाला असता. (दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, अल्पकालीन दोन्हींतून.) पण मुदतीत न दाखवलेला तोटा कायद्याच्या लेखी पुढं जातच नाही. लाजेपायी मी कर जास्त भरला.

परिग्रहपरिमाण व्रत घेणाऱ्या श्राविकेला आपल्याजवळ किती असावं याची मर्यादा ठरवावी लागते. मर्यादा घालायची, तर आधी मोजावं लागतं. आपण बायका डाळ-तांदूळ मोजतो, पण आपल्या नावावर काय आहे, कधी आलं, कुणाकडून आलं, ते लिहून ठेवत नाही. विचारलं की म्हणतो, "ह्यांना माहीत."

आता मी दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर सासूबाईंचं नाव, 1968, बिलवर, वजन. दुसऱ्या पानावर माझा तोटा, पूर्ण आकड्यानिशी. पुढची पानं मुलींसाठी आहेत. त्यांना कुणी जन्मतारीख विचारली, तर माझ्यासारखं हसून टाळायला लागू नये.