कादंबरी नावाची नजरबंदी

आजचा भाग एका शब्दावर आहे. कादंबरी.

हिंदीत, बंगालीत ‘उपन्यास’ म्हणतात. आपण मराठीत मात्र हे नाव उचललं ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत कथेवरून. त्या कथेत शाप आहेत, पुनर्जन्म आहेत आणि गोष्ट सांगतो कोण, तर राजा शूद्रकाच्या दरबारात आणलेला एक पोपट! शेवटी कळतं की राजा ऐकत होता ती त्याच्याच मागच्या जन्माची गोष्ट. म्हणजे आपल्याकडे या साहित्यप्रकाराचं नावच एका जादूच्या गोष्टीवरून पडलंय.

आता गंमत बघा. मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. तिच्यात जादू औषधालाही नाही. ठिकठिकाणच्या विधवांचे हाल आहेत. विषय जळजळीत, पण पानापानावर लेखक उपदेश करत उभा असतो आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते. गारुड्याचा हात दिसला की खेळ संपतो, तसंच काहीसं. पुढे ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा जमाना आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टीही मराठीत आणायला घेतल्या. या सगळ्यांत जादू होती, पण ती गोष्टीच्या आत होती.

ती गोष्ट सांगण्यात आणली हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. इथे यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते: माहेर, सासर, नवऱ्याचा मृत्यू, जबरदस्तीचं केशवपन. लिहिणारा पुरुष, पण पानावर तो कुठे सापडत नाही. हातचलाखी म्हणतात ती ही. आणि वेळ कुठली? पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून रणं माजली होती. १८९१ साली तो कायदा झाला. सभांमध्ये बायकांबद्दल सगळे बोलत होते, पण त्यांतल्या फार थोड्या स्वतः बोलू शकत होत्या. अशा वेळी घराघरांत एक बाई ‘मी’ म्हणून बोलायला लागली.

यातली अर्धी जादू वाचकाची असते, असं मला वाटतं. आजही दहिसरला लोकलमध्ये चढलेला माणूस पुस्तकात घुसला की अंधेरी कधी गेलं, त्याला कळत नाही. यमू खरी नव्हती, हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी घशात आवंढा येतो. कारण फसायला त्याने आपणहून होकार दिलेला असतो. गारुडी नजरबंदी करतो, तेव्हा समोरचं दिसेनासं होतं. हरिभाऊंच्या नजरबंदीत उलटं झालं. घराच्या मागच्या खोलीत बसलेली, लाल अलवणातली आत्या लोकांना दिसायला लागली.

‘यमुनापर्यटन’ आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ एकापाठोपाठ वाचून बघा. लेखक कुठे दिसतो आणि कुठे नाहीसा होतो, ते तुम्हीच शोधा. भेटू पुढच्या भागात.