वाचता येईल, लिहिता येणार नाही : निवृत्त लिपिसंकेतांचा इतिहास

लिपी निवृत्त होते तेव्हा तिच्यातले कागद निवृत्त होत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून बाजूला पडली. पेशवे दप्तरातील रुमाल मात्र जागच्या जागी राहिले. कमी झाले ते वाचणारे. मोडी जाणणारी पिढी हयात असतानाच, १९३०च्या दशकात, गो. स. सरदेसाई यांनी त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, म्हणून तेवढा भाग तरी सर्व अभ्यासकांच्या हाती आला. संगणकीय मराठीच्या छोट्याशा इतिहासाकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा हे सांगणाऱ्या कोष्टकाला येथे लिपिसंकेत म्हणू. भारतीय लिपींचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्या परंपरेतून आलेल्या 'इस्की' या संकेताला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानकाचे रूप दिले. त्यामागील कल्पना व्याकरणकाराला शोभणारी होती. ब्राह्मीतून निघालेल्या लिपींची वर्णमाला मुळात एकच, तेव्हा देवनागरी, गुजराती वा कन्नड 'क'चा अंकही एकच. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली, परंतु देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या रूपावरून घेतली. म्हणजे इस्की गेली ती वारस मागे ठेवून.

छापखान्यांतला आणि टंकलेखकांच्या मेजावरचा व्यवहार मात्र या दोहोंपैकी कशानेच चालत नव्हता. तो टंकांवर चालत होता. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, की झाले मराठी. उत्तरेत फार चाललेल्या कृतिदेव टंकात रोमन 'एफ'च्या जागी ऱ्हस्व वेलांटी आहे आणि 'जी'च्या जागी 'ह'. 'हि' लिहिताना वेलांटी आधी, व्यंजन नंतर. कागदावर डोळ्याला जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, स्वर नंतर. तोंडाने उच्चारतो तसे. एक संकेत दृश्याचा, दुसरा ध्वनीचा. आपल्या वर्गांत लिपी आणि भाषा यांच्या संबंधावर जी चर्चा होते, तिचे हे प्रत्यक्ष उदाहरण आहे.

जुना संकेत सभ्यपणे कसा निवृत्त करावा, याचा नमुना अलीकडच्या काळात न्याहाळकांनी घालून दिला. एक आज्ञावली दुसरीशी ज्या ठरलेल्या दारातून देवघेव करते त्याला एपीआय म्हणतात. न्याहाळकांत मजकुराची अशी दोन दारे आहेत. 'टेक्स्टडिकोडर' अंकांचा मजकूर करून आत घेतो, 'टेक्स्टएन्कोडर' मजकुराचे अंक करून बाहेर देतो. बाहेरच्या दारातून पूर्वी यूटीएफ-८ बरोबर यूटीएफ-१६ही मिळत असे. २०१६ साली फायरफॉक्सच्या ४८व्या आणि क्रोमच्या ५३व्या आवृत्तीने ते बंद केले. आता बाहेर पडते ते केवळ यूटीएफ-८. आतले दार मात्र उघडेच आहे. तेथे यूटीएफ-१६ चालते, रशियनचा केओआय८-आर, जपानीचा शिफ्ट-जेआयएस, चिनीचा बिग५ हे जुने संकेतही चालतात. निर्यात बंद, आयात चालू. नव्याला शिस्त लागते आणि जुन्याचा वाचक उरतो.

या यादीत इस्की नाही. टंकांतल्या मराठीचे नाव तर तेथे येणे शक्यच नव्हते, कारण तिला संकेत म्हणून नावच नव्हते. यंत्राच्या लेखी तो रोमन मजकूर होता. तो टंक हाताशी नसला की संचिका उघडते, पण समोर येते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. कित्येक प्रबंध आणि कित्येक मासिकांचे अंक अशा टंकांत बांधलेले आहेत. छापील प्रत उरली तर वाचता येईल. संचिकेत शोध घेता येणार नाही.

परिवर्तकाने काम भागते, असे म्हटले जाते. भागते, परंतु कोष्टक पूर्ण असेल तरच. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. परिवर्तकाच्या कोष्टकात अर्ध्या 'ऱ'ची नोंद राहून गेली, तर स्वयंपाक्याला द्यायचे ते गुरुजींच्या पदरी पडते. खुद्द युनिकोडमध्येही हा 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा 'ऱ' आणि हलन्त चिन्हाने, एकदा 'र', हलन्त चिन्ह आणि अदृश्य जोडकाने. दिसायला शब्द एकच. शोधणाऱ्या यंत्राने खास तजवीज केलेली नसेल, तर त्याच्या दृष्टीने दोन.

तेव्हा जुने टंक टाकून द्यावेत याबद्दल आमचे दुमत नाही. नवे लेखन युनिकोडमध्येच व्हावे. आमचे म्हणणे एवढेच, की टंक टाकण्यापूर्वी त्याचे कोष्टक जपावे, परिवर्तित मजकुराशेजारी मूळ संचिका ठेवावी, आणि मुद्रितशोधन अशा माणसाकडून करून घ्यावे, ज्याने तो टंक वापरला आहे. ही माणसे आज आपल्या विभागांत, छापखान्यांत आहेत. मोडीच्या बाबतीत सरदेसायांच्या हाताशी जाणकार होते, म्हणून ४५ खंड झाले. टंकांच्या बाबतीत ती वेळ अजून टळलेली नाही.