कुंडीतली झडती

परवा आमच्या बोन्साय उंबराची पानं हाताला चिकट लागली. चिकट पान म्हणजे वर बसून कुणीतरी रस पितंय. भिंग घेऊन बसलो, तर फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी टिकल्या, सालीचाच भाग वाटाव्यात अशा. नखानं खरवडल्या तर सुटल्या. खवले कीड! मोठी मादी तोंड खुपसून बसली की सहसा हलत नाही, आणि पाठीवरच्या कवचामुळे फवारा तिला फारसा लागत नाही. हिंडतात ती नुकती जन्मलेली पिल्लं. फवारायचं ते त्यांच्यावर, मोठ्यांना खरवडूनच काढायचं. बोन्सायचं एक बरं, कुंडी फिरवून अख्खं झाड डोळ्यांखालून घालता येतं. दातांचा जुना ब्रश, साबणाचं पाणी आणि एक दुपार...

घासता घासता वॉशिंग्टनची गोष्ट आठवली. टोकियो शहरानं भेट पाठवलेली चेरीची २,००० झाडं जानेवारी १९१० मध्ये तिथं पोहोचली. सरकारी तपासणीत खवले कीड निघाली, खोडकिडा निघाला, मुळांत सूत्रकृमी निघाले. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीनं २८ जानेवारीला सगळी झाडं जाळली. पाहुण्यांचा आहेर अंगणातच पेटवावा तसं!

या कडकपणामागे चार्ल्स मार्लॅट हा कीटकतज्ज्ञ होता. मला तो आधी खलनायकच वाटायचा. पण १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात दिसलेली सॅन होजे खवले कीड पुढे देशभरच्या फळबागांत पसरली होती, आणि तिचं मूळ शोधायला हा गृहस्थ १९०१-०२ मध्ये जपान, चीन फिरून आला होता. त्याची भीती पोकळ नव्हती.

जपान्यांनी राग धरला नाही. नवी कलमं बांधली, विषारी वायूची धुरी दिली आणि १९१२ मध्ये ३,०२० झाडं पाठवली. ती पास झाली. असो.

त्याच वर्षी अमेरिकेत झाडांच्या क्वारंटाइनचा कायदा झाला, आणि १९१९ पासून परदेशी झाडं मातीसकट आणायला जवळजवळ बंदीच आली. मातीत काय दडलंय ते भिंगातून दिसत नाही, त्यामुळे नियम चुकीचा म्हणवत नाही. पण उथळ कुंडीत शंभर वर्षं मुळं गुंफून बसलेल्या पाइनची मुळं धुऊन, उघडी करून समुद्रापार पाठवायची? किडीबरोबर झाडही जायचं. लार्झ अँडरसन हा अमेरिकेचा राजदूत १९१३ मध्येच आपली बोन्साय जपानहून घेऊन गेला. वेळेवर सुटला म्हणायचा.

मग १९७५ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार म्हणून, जपाननं ५३ बोन्साय पाठवली. ती आधी मेरीलँडमधल्या ग्लेन डेलला क्वारंटाइनमध्ये राहिली आणि १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आली. त्यात १६२५ पासून जोपासलेला एक पांढरा पाइन होता, मासारू यामाकी यांनी दिलेला. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले, तेव्हा उद्यानातल्या लोकांना कळलं की ६ ऑगस्ट १९४५ ला हे झाड हिरोशिमात, बॉम्ब पडला तिथून तीनेक किलोमीटरवर, यामाकींच्या भिंतीआड उभं होतं.

ग्लेन डेलला त्याच्या सालीत किडे शोधणाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नसणार.

आमच्या उंबरावर आज पुन्हा दोन टिकल्या दिसल्या. ब्रश काढतो.