वेदनेची घंटा आणि खेळाडूचं शरीर

आजचा विषय एका साध्या गोळीचा आहे. पळायला जाण्याआधी, सामन्याआधी किंवा व्यायामानंतर अंग ठणकू लागलं की आपण जी सहज तोंडात टाकतो, ती वेदनाशामक गोळी. ती दुखणं कमी करते यात वाद नाही. पण केलेल्या व्यायामाचं ती काय करते?

त्यासाठी आपण जरा मागे जाऊ. सतराव्या शतकात देकार्तने वेदनेचं एक चित्र मांडलं. पायाला विस्तव लागतो आणि दोरी ओढल्यावर दुसऱ्या टोकाला घंटा वाजावी, तशी मेंदूत वेदना उमटते. चित्र सोपं होतं, म्हणून ते मनात घर करून बसलं. वेदना ही नुसती घंटा असेल, तर औषधाने तिला फडकं गुंडाळायचं, एवढंच. बाकी घराला धक्का लागायचं कारण नाही.

औषधं मात्र या चित्राची वाट पाहत थांबली नव्हती. 1763 मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो झाडाची साल तापावर गुणकारी असल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं. त्याच सालीतल्या द्रव्याशी नातं सांगणारं अ‍ॅस्पिरिन बायर कंपनीने 1899 मध्ये बाजारात आणलं. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये संधिवातासाठी आयबुप्रोफेन आलं आणि 1983 पासून ते तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. आता गोळी कधी घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

गंमत अशी, की अ‍ॅस्पिरिन विकलं जाऊ लागल्यावर सत्तर वर्षं ते नेमकं करतं काय, याचा उलगडा झाला नव्हता. तो 1971 मध्ये जॉन वेन यांनी केला. 1982 च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. अ‍ॅस्पिरिन ती तयारच होऊ देत नाही. आयबुप्रोफेनचंही तसंच. ही द्रव्यं दुखणं वाढवतात, हे खरं. पण पोटाच्या अस्तराचं रक्षण, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणि ताण पडलेल्या स्नायूची बांधणी, या कामांतही त्यांचा हात असतो. म्हणजे घंटा वाजवणारा आणि घर सांभाळणारा गडी एकच निघाला!

याचा अर्थ 2017 मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या प्रयोगाने दाखवला. 18 ते 35 वयाच्या निरोगी माणसांनी आठ आठवडे मांडीचा व्यायाम केला. काहींना रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, काहींना अ‍ॅस्पिरिनची अगदी लहान मात्रा. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचा स्नायू दुसऱ्या गटाच्या जेमतेम निम्म्याने वाढला. घाम तेवढाच गाळला, पदरात पडलं निम्मं.

पण लगेच सरसकट नियम करू नये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी ओलांडलेल्यांना बारा आठवड्यांच्या व्यायामाबरोबर अशाच गोळ्या दिल्या, तर त्यांचे स्नायू गोळी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. म्हातारपणी शरीरात मंद दाह सतत चालू असतो. तो शमल्याने फायदा झाला असावा. आमच्या वयाच्या श्रोत्यांनी हे ऐकून लगेच दुकान गाठू नये, बरं का! पोट आणि मूत्रपिंड याच वयात नाजूक असतात.

मैदानावर हा विवेक टिकत नाही. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात सुमारे 39 टक्के खेळाडूंनी प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेतल्याचं आढळलं. ट्रॅमाडॉल या अफूच्या जातकुळीतल्या औषधावर सायकल शर्यतींत 2019 पासून आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंदी आली. आयबुप्रोफेनवर बंदी नाही. तिथे निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. लांब पल्ल्याच्या धावेत शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह ज्या द्रव्यांवर टिकून असतो, तीच आपण गोळीने बंद करतो, हे निदान ठाऊक असावं.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ धातूपासून आला. विद् म्हणजे जाणणे. दुखणं सोसण्यात काही मोठेपणा आहे, असं आम्ही म्हणत नाही. दुखापत झाली, डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती जरूर घ्यावी. पण अजून काही दुखतच नाही आणि आपण आधीच गोळी घेऊन धावायला उभे राहतो, तेव्हा शरीर जे कळवणार असतं, ते ऐकायचंच नाही असं आपण ठरवलेलं असतं. प्रशिक्षक पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातावर गोळी ठेवून ‘खेळ’ म्हणतो, तेव्हा तर हे न ऐकणं त्या मुलाच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या मुलाला काय दुखतंय, हे आधी विचारायला हवं.